तानपुऱ्याचा गंधार आणि ऑटो-ट्यून : घरच्या स्टुडिओतल्या प्लगइनांची गोष्ट

या वेळच्या भागात आपण घरी गाणं रेकॉर्ड करण्याबद्दल बोललो. प्लगइनांचा विषय तिथे ओझरता आला, तो इथे जरा निवांत मांडते.

सध्याचं चित्र तुम्हाला ठाऊकच आहे. एक लॅपटॉप, एक बऱ्यापैकी माइक, एक ऑडिओ इंटरफेस आणि आवाज घुमू नये म्हणून कपड्यांनी गच्च भरलेलं कपाट. एवढ्या सामानावर जर्सी सिटीतल्या वन-बेडरूममध्ये भावगीत रेकॉर्ड होतं, शारजाच्या फ्लॅटमध्ये आरती होते, लंडनमध्ये मराठी रॅप होतो. त्यानंतर प्रश्न येतो प्लगइनांचा. प्लगइन म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम. कोणी आवाजाची पातळी आवरतं, कोणी आवाजाचा पोत बदलतं, कोणी देवळातला घुमारा आणून देतं, तर कोणी हललेला सूर जागेवर बसवतं. ऑनलाइन दुकान उघडलं की हजारो नावं दिसतात, आणि नोव्हेंबरात सेल लागला की गरज नसलेलंही स्वस्त वाटायला लागतं.

मी इतिहासवाली. त्यामुळे माझी नजर भलत्याच गोष्टीवर जाते. या प्लगइनांच्या चित्रांत जुन्या यंत्रांची बटणं, हलणाऱ्या सुया, अगदी गंजके स्क्रूसुद्धा रंगवलेले असतात. सॉफ्टवेअरला स्क्रू कशाला हवेत? तर यातलं जवळजवळ प्रत्येक अवजार कोणीतरी, कुठेतरी, एका ठरावीक अडचणीवर उपाय म्हणून बनवलं होतं, आणि प्लगइन त्याची नक्कल आहे. ती मूळ अडचण कोणती हे कळलं की हे अवजार आपल्याला हवं का, हे ठरवणं बरंच सोपं होतं. एका अवजाराच्या बाबतीत मात्र प्रश्न पैशांपुरता राहत नाही. तिथे आपण गातो तो सूर "बरोबर" की "चूक" हेच दुसरं कोणीतरी ठरवून ठेवलेलं असतं. त्याच्याकडे शेवटी येऊ.

टेलिफोनची तार आणि ईक्यू

सुरुवात ईक्यूपासून, म्हणजे इक्वलायझरपासून. आज आपण तो आवाज "खुलवायला" वापरतो, पण नावाचा अर्थ आहे "समान करणारा". काय समान करायचं होतं? लांब पल्ल्याच्या टेलिफोनच्या तारेतून आवाज गेला की त्यातले वरचे, पातळ स्वर वाटेतच जास्त क्षीण व्हायचे. पलीकडच्या टोकाला आवाज घोंगडी पांघरून बोलल्यासारखा यायचा. हे नुकसान भरून काढून आवाज मुळाइतका "समान" करणारं सर्किट म्हणजे इक्वलायझर. म्हणजे तो आधी दुरुस्तीचा होता, शृंगाराचा नंतर झाला.

हे वळण ज्या यंत्रांमुळे आलं त्यातलं एक पल्टेक. न्यू जर्सीत यूजीन शेंक आणि ऑली समरलिन या दोघांनी १९५१ मध्ये ईक्यूपी-१ बाजारात आणला. त्यात खालचे स्वर वाढवायचं आणि कमी करायचं अशी दोन वेगळी बटणं होती. दोन्ही एकदमच फिरवायची, हे वरवर वेडेपणाचं वाटतं. पण दोन्हींचे परिणाम नेमके एकमेकांवर बसत नाहीत, त्यामुळे खालचा भाग भरदार होतो आणि त्याच्या लगेच वरची गचगच कमी होते. आज पल्टेकची नक्कल करणारे डझनावारी प्लगइन आहेत ते याच खुबीसाठी.

तुमच्या कामाचं काय? बहुतेक वेळा तुम्हाला मूळचाच, दुरुस्तीवाला ईक्यू लागतो. खोलीतल्या हीटरची किंवा एसीची घरघर, रस्त्यावरच्या ट्रकचा हादरा, माइकच्या अगदी जवळ गायल्याने आलेला फुगीरपणा, हे काढायचं असतं. ते काम सॉफ्टवेअरसोबत फुकट मिळणारा साधा ईक्यू उत्तम करतो.

मोटार, क्षेपणास्त्र आणि कंप्रेसर

दुसरं अवजार कंप्रेसर. मोठा आवाज दाबायचा, म्हणजे लहान आवाज वर आणायला जागा होते. ज्या कंप्रेसरची सर्वांत जास्त नक्कल होते तो टेलिट्रॉनिक्स एलए-टू-ए, १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिनात जिम लॉरेन्स यांनी बनवला. लॉरेन्स यांनी त्याआधी टायटन क्षेपणास्त्राच्या कार्यक्रमासाठी प्रकाशावर चालणाऱ्या सेन्सरांवर काम केलं होतं. त्यांनी तेच ज्ञान इकडे वापरलं. आवाज वाढला की यंत्रातली एक पट्टी उजळते, समोरचा प्रकाशसंवेदी घटक तो उजेड "बघतो" आणि आवाज आवरतो. आवाज कमी झाला तरी हा घटक लगेच पूर्ववत होत नाही. काळोखात गेल्यावर आपले डोळे सावकाश रुळतात, तसा तो सावकाश सैल पडतो. हा संथपणाच लोकांना आवडला. रेडिओवर बोलणाऱ्याचा आवाज हळुवारपणे एका पातळीत राहावा, हे त्याचं मूळ काम होतं.

त्याचा उलट स्वभाव ११७६ चा. बिल पटनम यांनी १९६७ मध्ये आणलेल्या या यंत्रात ट्रान्झिस्टरने काम होतं, आणि ते सेकंदाच्या वीस दशलक्षांशांत प्रतिसाद देऊ शकतं. आघात पकडायचा असेल तर हा. तिसरा दादा माणूस फेअरचाइल्ड ६७०, एस्टोनियात जन्मलेल्या राइन नार्मा यांचा. वीस व्हॉल्व्ह, चौदा ट्रान्सफॉर्मर, वजन तीस किलोच्या आसपास. त्याचा जन्म तबकडी कोरण्यासाठी झाला. आवाज अचानक मोठा झाला तर कोरणी भरकटायची, खाच बिघडायची आणि ऐकणाऱ्याच्या घरी सुई उडायची. आज तुमचं गाणं थेट यूट्यूबवर जातं. उडायला सुईच उरलेली नाही, तरी फेअरचाइल्डची नक्कल मात्र जोरात विकली जाते.

आता हे आपल्या गाण्याला लावून बघा. भावगीतात गायक शब्दाशब्दाला आवाज लहानमोठा करतो, आणि तोच त्यातला भाव असतो. तिथे एलए-टू-ए सारखा संथ कंप्रेसर थोडासाच लावावा. तबल्याच्या चाटीवरचा "ना" मात्र एका झटक्यात येतो आणि जातो. संथ कंप्रेसर जागा होईपर्यंत तो निघून गेलेला असतो, तिथे ११७६ च्या स्वभावाचं काहीतरी हवं. नाव कोणाचंही असो, संथ की चपळ एवढं ओळखता आलं की निम्मी निवड झाली.

न्हाणीघरातून लॅपटॉपमध्ये

आपण सगळेच बाथरूममध्ये बरं गातो, याचं कारण फरशीवरून परतणारा घुमारा. शिकागोत याच बिल पटनम यांनी १९४७ मध्ये हार्मोनिकॅट्स या माउथ ऑर्गनवाल्या मंडळींचं "पेग ओ' माय हार्ट" रेकॉर्ड करताना स्टुडिओचं न्हाणीघरच वापरलं. आत स्पीकर, आत माइक, आणि जो घुमारा मिळेल तो गाण्यात मिसळायचा. रेकॉर्ड तुफान चालली. पुढे मोठ्या स्टुडिओंनी घुमाऱ्यासाठी खास खोल्या राखल्या.

ज्यांच्याकडे अशी खोली नव्हती त्यांच्यासाठी १९५७ मध्ये जर्मनीतल्या ईएमटी कंपनीने साधारण दोन मीटर बाय एक मीटरचा, फक्त अर्धा मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा चौकटीत ताणून बसवला. आवाजाने पत्रा थरथरायचा आणि ती थरथर माइकसारख्या पिकअपने उचलायची. सगळं मिळून वजन पावणेतीनशे किलोच्या घरात. तुमच्या रिव्हर्ब प्लगइनमध्ये "प्लेट" असं जे लिहिलेलं असतं, ती ही प्लेट. यानंतर बेल लॅब्जमध्ये मानफ्रेड श्रोडर यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला संगणकाने घुमारा तयार करण्याचं गणित मांडलं, आणि १९७६ मध्ये ईएमटी २५० या डिजिटल यंत्रातून ते स्टुडिओत पोचलं.

आपल्याकडच्या गाण्यात इथे एक अडचण येते. तानपुरा आधीच सगळी जागा भरून टाकत असतो. त्यावर लांब रिव्हर्ब घातला की शब्द बुडतात, आणि मराठीत जोडाक्षरं बुडाली की अर्थही बुडतो. म्हणून आखूड प्लेट घ्या आणि प्री-डिले नावाचं बटण वीस-चाळीस मिलिसेकंदांवर ठेवा. अक्षर आधी स्पष्ट ऐकू येतं, घुमारा त्यामागून येतो.

यंत्र गेलं, चित्र राहिलं

ही सगळी अवजडं प्लगइन कधी झाली? १९९२ मध्ये तेल अवीवच्या वेव्ह्ज कंपनीने क्यू-१० हा ईक्यू सॉफ्टवेअर म्हणून विकायला काढला. व्यावसायिक ऑडिओ प्लगइनांची सुरुवात सहसा इथून मोजतात. १९९६ मध्ये हॅम्बर्गच्या स्टाइनबर्गने क्यूबेससोबत व्हीएसटी आणलं. व्हीएसटी म्हणजे प्लगइनने यजमान सॉफ्टवेअरशी कसं बोलायचं याचे नियम. दोन गोष्टी यात महत्त्वाच्या होत्या. एक म्हणजे वेगळं महागडं कार्ड न लावता संगणकाच्या स्वतःच्या प्रोसेसरवर काम व्हायला लागलं. दुसरं म्हणजे स्टाइनबर्गने हे नियम इतरांना खुले केले. मग घरात बसून प्रोग्रॅम लिहिणारा कोणीही प्लगइन बनवू शकला, आणि घरात बसून गाणारा कोणीही ते वापरू शकला. आज आपण कपाटात शिरून गातो त्याच्या मागे हा निर्णय आहे.

तेलाच्या शोधातून आलेला सूर

आणि मग १९९७ मध्ये आलं ऑटो-ट्यून. अँडी हिल्डेब्रँड हे विद्युत अभियांत्रिकीतले डॉक्टरेट. त्यांची आधीची कारकीर्द तेल उद्योगातली. जमिनीत स्फोट करायचा, खालच्या थरांवरून परतणारे प्रतिध्वनी नोंदवायचे आणि गणिताने थरांचा नकाशा काढायचा, हे ते काम. त्यातली एक पद्धत म्हणजे ऑटोकोरिलेशन. एखादी लाट थोडी सरकवून स्वतःशीच ताडून बघायची. किती सरकवल्यावर ती पुन्हा स्वतःसारखी दिसते हे कळलं की तिचा आवर्तकाल कळला, आणि गाण्याच्या बाबतीत आवर्तकाल म्हणजेच सूर. हिल्डेब्रँड सांगतात की एकदा जेवणाच्या टेबलावर कोणीतरी गमतीत म्हणालं, मला सुरात गायला लावणारा डबा बनव की! तो डबा त्यांनी बनवला.

त्यात एक बटण आहे, रिट्यून स्पीड. सूर किती वेगाने जागेवर खेचायचा ते ठरवणारं. ते शून्यावर नेलं की आवाज यंत्रासारखा तुटक होतो. १९९८ च्या शेअरच्या "बिलीव्ह"मध्ये तोच आवाज आहे. लंडनमधल्या निर्मात्यांनी सुरुवातीला एका मासिकाला सांगितलं की हा व्होकोडरचा परिणाम आहे. व्यवसायातलं गुपित जपायचं होतं, दुसरं काय.

सूर "जागेवर" खेचायचा म्हणजे कुठल्या जागेवर? ऑटो-ट्यूनच्या मुळाशी असलेलं उत्तर पाश्चात्त्य कीबोर्डचं आहे. सप्तकाचे १२०० सेंट, बारा पट्ट्या, प्रत्येकीत १०० सेंटचं अंतर. या हिशोबात षड्जापासून शुद्ध गंधार बरोबर ४०० सेंटवर येतो.

आता तानपुरा लावा. खर्जाची तार छेडली की थोड्या वेळाने तिच्यातून आपोआप गंधार ऐकू येतो. आपले गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो तारेच्या पाचव्या उपस्वरातून येतो, त्याचं षड्जाशी गुणोत्तर ५:४, आणि सेंटमध्ये मोजला तर तो ३८६ वर येतो. कीबोर्डपेक्षा १४ सेंट खाली. जो विद्यार्थी वर्षानुवर्षं तानपुऱ्याशी सूर मिळवायला शिकला, त्याचा गंधार इथे लागतो. ऑटो-ट्यून त्याला पाहून म्हणतं, हा उतरलाय, आणि वर ओढतं. म्हणजे तानपुऱ्याला लागलेला सूर तानपुऱ्यापासून दूर नेतं आणि त्याला दुरुस्ती म्हणतं.

मींडीचं तर विचारूच नका. मध्यमावरून ऋषभावर घसरत येणारी मींड वेगवान रिट्यूनमधून जिन्याच्या पायऱ्या उतरल्यासारखी बाहेर येते. दरबारीतला आंदोलित कोमल गंधार म्हणजे मुळात एका जागी न थांबणारा सूर, त्याला एका जागी उभं केलं की दरबारीच संपला.

हे भांडण आपल्याला नवं नाही

इथे मला पेटीची आठवण होते. हार्मोनियमचं पेटंट १८४० मध्ये पॅरिसमध्ये अलेक्झांडर दबँ यांनी घेतलं. भारतात येऊन ती हाताने भाता मारायची पेटी झाली, मराठी संगीत नाटकाने तिला आणि ऑर्गनला रंगमंचासमोर बसवलं, आणि गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी तिला प्रतिष्ठा दिली. तिच्यावरचे आक्षेप मात्र नेमके हेच होते : बारा पट्ट्यांत श्रुती नाहीत, मींड नाही. हे आक्षेप जोरात मांडणाऱ्यांत जॉन फोल्ड्स हा ऑल इंडिया रेडिओत काम करणारा ब्रिटिश संगीतकारही होता. मार्च १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली, आणि ती १९७१ पर्यंत शिथिल झाली नाही.

बंदी हा एक मार्ग झाला. दुसरा मार्ग सांगलीत शोधला जात होता, तोही तीस वर्षं आधी. कृष्णाजी बल्लाळ देवल या निवृत्त डेप्युटी कलेक्टरांनी उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या मदतीने सूर मोजले आणि १९१० मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजी पुस्तक काढलं. अर्नेस्ट क्लेमेंट्स या आयसीएस अधिकाऱ्याच्या साथीने त्यावर आधारलेली श्रुतींची पेटीही तयार झाली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर वाद झाला आणि एकमत काही झालं नाही. पण शोध थांबला नाही. आपल्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी केली, आणि एरवीही अनेक वादक पेटी "गंधार ट्यूनिंग"मध्ये लावून घेतात, म्हणजे गायकाच्या षड्जाला धरून गंधार तानपुऱ्याच्या जागी आणतात.

मला या इतिहासात एक धडा दिसतो. पेटी आपल्याकडे राहिली ती बंदीमुळेही नाही आणि ती निमूट स्वीकारल्यामुळेही नाही. लोकांनी तिच्याशी हुज्जत घातली, तिचे सूर कानसले, कुठे वाजवायचं आणि कुठे गप्प बसायचं हे साथीदारांनी शिकून घेतलं. ऑटो-ट्यूनशीही तसंच वागता येतं.

मग करायचं काय?

पहिलं म्हणजे साथ कशाची आहे ते बघा. गिटार किंवा कीबोर्डवर गाणं बांधलं असेल, तर बारा समान पट्ट्यांचाच हिशोब लागू होतो आणि तुमचा कानही आपसूक तिकडे वळतो. तिथे ऑटो-ट्यून खुशाल वापरा. रॅप किंवा पॉपमध्ये शेअरसारखा तुटक आवाज हवा असेल तर तोही वापरा. साथ फक्त तानपुऱ्याची असेल तर मात्र आपोआप चालणारी दुरुस्ती बंद.

दुसरं, पट्टी सांगा. गायक काळी एकमध्ये गात असेल तर प्लगइनमध्ये सी शार्प निवडावं लागेल, आणि गाण्यात जेवढे सूर आहेत तेवढेच चालू ठेवावे लागतील. तानपुरा ४४० च्या मापाला नेमका जुळत नसेल तर प्लगइनचं माप हलवा, तानपुरा नव्हे. काही प्लगइनांत एकेका सुराची जागा सेंटमध्ये बदलता येते. तिथे गंधार १४ सेंट खाली आणा, झाली गंधार ट्यूनिंगची पेटी.

तिसरं, म्युनिकच्या सेलेमनी कंपनीच्या मेलोडाइनसारखी अवजारं सूर चित्रासारखा समोर मांडतात आणि एकेक जागा हाताने हलवू देतात. एखादाच सूर खरंच सुटला असेल तर तेवढाच उचला, मींड आणि मुरकी जशी आहे तशी राहू द्या. वेळ जास्त लागतो, पण निर्णय तुमच्या कानाचा राहतो.

आणि खरेदीबद्दल : ट्रायल घ्या, प्लगइन चालू-बंद करून ऐका, पण दोन्ही वेळा आवाजाची पातळी सारखी ठेवा. जो थोडा मोठा वाजतो तोच चांगला वाटतो, ही कानाची जुनी खोड आहे. एक साधा ईक्यू, एक संथ आणि एक चपळ कंप्रेसर, एक प्लेट रिव्हर्ब. यातलं जवळजवळ सगळं तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये आधीच असतं.

जाता जाता एक प्रयोग सुचवते. फोनवर तानपुऱ्याचं ॲप लावा, कान देऊन शुद्ध गंधार लावा, रेकॉर्ड करा, आणि मग नुसता तुमचा आवाज ट्यूनरसमोर धरा. षड्ज ज्या पट्टीत आहे त्या हिशोबाने काटा गंधारावर थोडा डावीकडे, चौदाच्या आसपास थांबला, तर घाबरून प्लगइन उघडू नका. तुम्ही सुरात आहात.